माथेरानचा भार

फाल्गुन सरत आला, मुलांच्या परीक्षांची धामधूम ओसरूं लागली, म्हणजे मुंबईच्या उपनगरांत घरोघरीं एकच प्रश्न निघतो : यंदा चार दिवस कोठें जावयाचें? घाटकोपर-मुलुंडकडील मंडळी मध्य रेल्वेचें वेळापत्रक पुढें ओढतात. अंधेरी-बोरिवलीकडील मंडळी, 'आम्हांला मधें गाडी बदलावी लागते' अशी तक्रार करीत कां होईना, त्याच वेळापत्रकाकडे वळतात. आणि ह्या चर्चेंत माथेरानचें नांव निघालें नाहीं, असें सहसा होत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मुलुंडच्या घरींही असेंच माथेरानचें ठरलें. ठरलें खरें, पण लगेच एक अडचण पुढें आली. घरांत ऐंशी वर्षांची आई. तिचे गुडघे तिचें ऐकत नाहींत. आणि माथेरानला मोटार जाते ती दस्तुरी नाक्यापर्यंतच. तेथून बाजारपेठ जवळजवळ तीन किलोमीटर. माझा मुलगा म्हणाला, "त्यांत काय? आजीला हातरिक्षेंत बसवूं." आई क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माणसानें ओढायच्या गाडींत मी बसायची नाहीं. तुम्ही जा, मी घर सांभाळीन."

त्या रात्रीं बेत तसाच अर्धवट राहिला. मी मात्र विचारांत पडलों. ज्या डोंगरावर मोटार नाहीं, म्हणून आपण इतक्या कौतुकानें जातों, त्या डोंगरावर आजवर माणसें आणि त्यांचें सामान कोणीं वाहून नेलें? आज आपणांपुढें जें कांहीं ठेवणार आहें, तें ह्या एका प्रश्नाचें उत्तर आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचें रान. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तुटून उभा राहिलेला हा सपाट माथ्याचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे. ठाणें जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५० मध्यें चौकच्या बाजूनें ह्या डोंगरावर चढले, आणि त्यांनीं माथेरानचा शोध लावला असें आपण शाळेपासून वाचीत आलों. ह्या 'शोध' शब्दाकडे जरा डोळसपणें पाहिलें पाहिजे. ह्या डोंगराच्या अंगाखांद्यांवर धनगर, ठाकर आणि कातकरी ह्यांची वस्ती व वहिवाट पूर्वापार होती. पाऊलवाटा त्यांच्या, पाण्याच्या जागा त्यांना ठाऊक. मॅलेटसाहेबांनीं शोधून काढली ती इंग्रजांच्या उन्हाळ्याची सोय. पुढें १८५३ ते १८६० ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांनीं ह्या ठिकाणीं लक्ष घातलें, आणि जंगलांत रस्ते, बंगले व बाजार दिसूं लागले.

सुदैवानें त्याच सुमारास आगगाडीही आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. आज जेथें घाटकोपर आणि मुलुंड हीं गजबजलेलीं उपनगरें आहेत, त्याच भूमीवरून ती गेली. १८५४ मध्यें लोहमार्ग कल्याणला पोहोंचला आणि १८५६ मध्यें नेरळवरून खोपोलीच्या पायथ्याशीं जाऊन भिडला. मुंबईकरांना माथेरान जवळ आलें तें ह्यामुळें. परंतु आगगाडी नेरळला थांबे, आणि खरी चढण तेथूनच सुरू होई. पुढचा सुमारें सात मैलांचा घाट पायीं, घोड्यावर अथवा पालखींत बसून चढावा लागे. साहेब घोड्यावर, मडमा, वृद्ध आणि आजारी पालखींत, ट्रंका, वळकट्या आणि स्वयंपाकाचीं भांडीं हमालांच्या डोक्यावर. हवा खावयास जाणारा एक, आणि त्याच्या हवेसाठीं घाम गाळणारे चार, असा तो हिशेब होता.

हा हिशेब प्रथम कोणीं बदलला असेल, तर तो मुंबईच्या एका बोहरा व्यापारी कुटुंबानें. सर आदमजी पीरभॉय ह्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनीं नेरळहून माथेरानपर्यंत लहान रेल्वे नेण्याचें मनावर घेतलें, आणि वडिलांनीं पैसा दिला. काम १९०७ साली पुरें झालें, आणि २२ मार्च १९०७ रोजीं, म्हणजे ऐन वसंतांत, ती गाडी सुरू झाली. खर्च आला १६ लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! आणि तेही सरकारी तिजोरींतून नव्हे.

ह्या रेल्वेची करामत समजून घेण्याजोगी आहे. तिच्या दोन रुळांमधलें अंतर अवघें दोन फूट. नेरळ ते माथेरान हें अंतर सुमारें २० किलोमीटर, आणि तेवढ्यांत गाडीस जवळजवळ ७०० मीटर वर चढावें लागतें. बोरघाटांत मोठ्या गाडीसाठीं चढ ठेवला होता तो सदतीस फुटांस एक फूट. येथें कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट आहे. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजीं हा मार्ग डोंगराच्या कडेकडेनें, घोड्याच्या नालासारखीं वळणें घेत घेत वर सरकतो. इतक्या तीव्र वळणांवर साधें इंजिन रुळांत अडकावें. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल ह्या कारखान्यांतून खास इंजिनें आणविलीं. त्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांचे कणे वळणाप्रमाणें थोडेसे हलत. अशा चार इंजिनांनीं १९८२ पर्यंत वाफेवर हा घाट चढविला. मग डिझेलचीं इंजिनें आलीं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं लहान लहान स्टेशनें घेत ही गाडी अडीच-तीन तासांनीं माथेरानच्या भर बाजारांत आणून सोडते.

मला ह्या गाडीचें महत्त्व वाटतें तें तिच्या गमतीसाठीं नव्हे. ज्याच्या पायांत बळ नाहीं आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बसणें ज्याला रुचत नाहीं, अशा माणसालाही डोंगरमाथ्यावर जातां येईल, ही सोय तिनें प्रथम केली.

तथापि गाडी आली म्हणून ओझें संपलें नाहीं. बाजारांत उतरल्यावर बंगल्यापर्यंत, बंगल्यांतून पॉइंटांपर्यंत, माणसें आणि सामान वाहावयास माणसेंच लागत. पालखीच्या जोडीला हातरिक्षा आली : एकजण पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे, आणि उतारावर तिघांनींही जीव मुठींत धरून रोखून धरावयाची. उन्हाळ्यांत चार पैसे मिळत. पावसाळ्यांत डोंगर ओस पडला कीं मिळकतही आटे.

ह्याच माथेरानांत, एका नाभिक कुटुंबांत, १ डिसेंबर १९१२ रोजीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ह्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले आणि नगरपालिकेच्या कारभारांतही त्यांनीं भाग घेतला. पण त्यांचें मन गुंतलें तें डोंगराखालच्या गरीब शेतकऱ्यांत आणि आदिवासींत. सावकारी पाशांतून त्यांची सुटका व्हावी म्हणून ते झटले. १९४२ च्या लढ्यांत ते भूमिगत झाले. मुंबईस वीज पुरविणारे मनोरे पाडण्याचें काम त्यांच्या आझाद दस्त्यानें केलें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांशीं झालेल्या चकमकींत ते आणि हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत पॉइंटांचीं नांवें असतात, बहुतेक इंग्रजी. भाई कोतवालांचें नांव क्वचित् असतें. पण ज्या लोकांनीं ह्या डोंगराचा भार वाहिला, त्यांच्यांतून उठलेला हा माणूस आहे, हें विसरून माथेरानचा इतिहास पुरा होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर गांवोगांव मोटार पोहोंचली. माथेरान मात्र वेगळें राहिलें. ४ फेब्रुवारी २००३ रोजीं केंद्र सरकारनें माथेरान व भोवतालचा परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि मोटारबंदीच्या जुन्या रिवाजास पर्यावरणाच्या कायद्याचें पाठबळ मिळालें. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारीस मज्जाव. त्यामुळेंच तेथें अजून जांभूळ, हिरडा आणि अंजनीची दाट सावली आहे, शेकरू फांदीवरून फांदीवर झेपावतांना दिसतें, आणि तांबड्या मातीच्या वाटेवर आपल्याच पावलांचा आवाज ऐकूं येतो. हें सुख खोटें नाहीं. पण भाजी, दूध, गॅसची टांकी, विटा आणि सिमेंट ह्या वस्तू कांहीं हवेंतून येत नाहींत. त्या घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून अथवा डोक्यावरून येतात.

मोटारीवांचून डोंगर राखणें म्हणजे माणसाला जुंपणें, असें मात्र नाहीं. त्याचें उदाहरण दूर स्वित्झर्लंडमध्यें आहे. तेथें वसंत ऋतूंतही उंच डोंगरांवर बर्फ टिकतें, आणि पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरत जाण्याच्या स्की नांवाच्या खेळासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें सुट्टींत तिकडे जातात. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचें झरमॅट हें गांव त्यांपैकीं एक. तेथेंही पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे. पाहुण्यानें गाडी अलीकडच्या टेश गांवीं ठेवावयाची आणि रेल्वेनें वर जावयाचें. ती रेल्वे १८९१ साली झाली, आपल्या माथेरानच्या गाडीहून सोळा वर्षें आधीं. तत्पूर्वीं तेथेंही हमाल आणि खेंचरें हींच साधनें होतीं. पण आज झरमॅटच्या गल्लींतून सामान नेतात तीं विजेवर चालणारीं लहान वाहनें. तेथें शांतताही राहिली, आणि माणसाची मानही ताठ राहिली.

माथेरानांत हा बदल फार उशिरां आणि फार वाद होऊन आला. हातरिक्षा ओढणाऱ्यांनींच विजेवर चालणारी रिक्षा मागितली. घोडेवाल्यांनीं विरोध केला. त्यांचेंही म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, कारण शेंकडों घोड्यांवर त्यांचीं घरें चालतात. शेवटीं सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें विजेच्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहण्याची मुभा दिली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत हा प्रयोग सुरू झाला. पुढें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या खंडपीठानें, माणसानें माणसाला ओढणें हें मानवी प्रतिष्ठेस न शोभणारें आहे असें ठरवून, हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानें बंद करावी आणि ओढणाऱ्यांचें पुनर्वसन करावें, असा आदेश दिला. पैसा नाहीं ही सबब चालणार नाहीं, असेंही बजावलें. स्वातंत्र्याला तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षें पुरीं होत आलीं होतीं.

इकडे रेल्वेनेंही कमी सोसलें नाहीं. २६ जुलै २००५ च्या महापुरांत तिचे रूळ वाहून गेले. ती पुन्हां सुरू व्हावयास मार्च २००७ उजाडला. २०१६ मध्यें डबे घसरल्यामुळें ती बंद झाली आणि जानेवारी २०१८ मध्यें नेरळहून पुन्हां धांवली. २०१९ च्या पावसानें मार्ग परत खचला. नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. मधल्या काळांत अमन लॉज ते माथेरान एवढ्या वरच्या टप्प्यावर तिनें लोकांची सोय केली.

आणि त्याच वरच्या टप्प्यानें आमच्या घरची अडचण सोडविली. दस्तुरी नाक्यापासून अमन लॉज स्टेशन कांहीं मिनिटांच्या वाटेवर आहे. आई माझ्या हाताला धरून, दोनदां थांबून, तेवढें अंतर चालली. मग डब्यांत खिडकीशीं बसली. गाडी सुटली तेव्हां तिच्या चेहऱ्यावर जें दिसलें, तें पाहून माझा मुलगाही हातरिक्षेचें नांव विसरला.

पण ती बाजारांत उतरली तेव्हां तिनें आमच्या दोन जड पेट्या पाहिल्या, आणि त्या उचलावयास आलेल्या पन्नाशीच्या हमालालाही पाहिलें. "दिवसांतून किती खेपा होतात?" तिनें विचारलें. तो म्हणाला, "मिळाल्या तर सहा-सात, आई." आईनें माझ्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, "चार दिवसांना इतके कपडे कशाला आणलेत रे?"

श्रोतेहो, वसंतांत माथेरानला जरूर जा. शनिवार-रविवार टाळलात तर गर्दी कमी लागेल. नेरळची गाडी मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर अमन लॉजहून जा. पाण्याची बाटली आणि चालावयाचे जोडे विसरूं नका. मात्र बेत आंखतांना पेट्यांचें वजन एकदां स्वतः उचलून पाहा. ज्याला तें उचलावें लागणार आहे, त्याची मजुरी ठरवितांना घासाघीस करूं नका; आणि खालीं येण्यापूर्वीं, ह्या डोंगरावर जन्मलेल्या भाई कोतवालांची गोष्ट मुलांना सांगा.