मेणातली चरचर

१९८३ साली मी पुण्यात केबल जॉइंटरच्या हाताखाली लागलो, तेव्हा सगळ्यात आधी मेण ऐकायला शिकलो. जुन्या भूमिगत टेलिफोन केबलीत तांब्याच्या तारांवर कागद गुंडाळलेला असे आणि वरून शिशाचं आवरण. जोड उघडला की कागदाचा एक कपटा तापलेल्या मेणात टाकायचा. चरचरला, बुडबुडे आले, म्हणजे आत ओल आहे. मग जोडावर मेण ओतत राहायचं, चरचर थांबेपर्यंत. शेवटी शिशाची नळी बसवून पळीने पातळ शिसं-कथील ओतायचं आणि चरबी लावलेल्या फडक्याने फिरवत फिरवत सांधा घडवायचा. आमच्या वस्तादांचा सांधा वांग्यासारखा तुळतुळीत उतरे. सगळी कमाई हाताची होती.

त्याच पुण्यात १९७९ मध्ये, टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झालेली होती. आम्ही मात्र तेव्हा आणि पुढेही कित्येक वर्षं चिखलात, मॅनहोलमध्ये, तांब्याजवळच होतो. माझ्या हातात काच आली ती १९९२ साली.

प्रशिक्षणात शिकवणाऱ्या सरांनी तंतू जोडायच्या यंत्राला हात लावू देण्याआधी इतिहास सांगितला. मला तो आजही महत्त्वाचा वाटतो. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलं की काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं. पण लांब अंतर गाठायचं तर प्रकाश वाटेतच विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी त्याचं कारण मांडलं: काचेत राहून गेलेले लोहासारख्या धातूंचे अंश प्रकाश खातात. तेवढा मळ काढा, किलोमीटरमागे घट वीस डेसिबलपर्यंत आणा, म्हणजे शंभरातला एक हिस्सा प्रकाश पलीकडे पोचू द्या, की टेलिफोन चालेल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तशी काच ओढून दाखवली. आजच्या तंतूत ही घट ०.२ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे या धंद्याचा पाया स्वच्छतेवर घातलेला आहे. ते ऐकताना मला मेणाचं भांडं आठवलं. आधी ओल काढायचो, आता धूळ.

काचेतला मळ कारखान्यात गेला, पण जिथे दोन काचा भेटतात ते तोंड आमच्या ताब्यात आलं. सुरुवातीच्या कनेक्टरांत दोन तोंडांमध्ये हवेची बारीक फट राही आणि तिथून प्रकाश उलटा परते. म्हणून टोक किंचित फुगीर घासायला लागले, काचेला काच टेकली पाहिजे म्हणून. पुढे आठ अंशांच्या तिरक्या घासणीचे हिरवे कनेक्टर आले. काच टेकू लागली तशी धूळही मध्ये चिरडू लागली आणि तोंडावर कायमचा ओरखडा पाडू लागली. सिंगल-मोड तंतूचा गाभा साधारण नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा आठवा हिस्सा. बोटाचा ठसा त्याच्यापुढे डोंगर. घाणेरड्या तोंडाने अर्धा डेसिबल खाल्ला, तर अडीच किलोमीटर काच वाया गेली असं समजा.

माझ्या हाताला हे कळायला एक रात्र लागली. पावसाळ्यात एका मार्गावर घट वाढली होती. कनेक्टर काढला आणि सवयीने तोंडाने फुंकर मारून परत लावला. श्वासातली वाफ, थुंकीचे कण, सगळं काचेवर. घट दुप्पट झाली. पहाटे तीन वाजता मोठे साहेब आले. काही न बोलता त्यांनी धागे न सुटणारं कोरडं कापड घेतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टाकला, एकाच दिशेने पुसलं, मग कोरड्या भागावर पुन्हा पुसलं आणि भिंगाखाली माझ्यासमोर धरलं. त्यानंतर मी कधी फुंकर मारली नाही. कनेक्टरच्या तोंडात डोकावूनही पाहिलं नाही. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो. कापलेल्या तंतूचे तुकडेही मी झाकणाच्या बाटलीतच टाकत आलो. ते कातडीत शिरले की सापडत नाहीत.

दुसरी शिस्त हाताला कळली ती वळणाची. केबल ओढताना तिच्या व्यासाच्या वीसपट त्रिज्येहून तंग वळवायची नाही. तांबं वाकलं तरी बोलतं. काच वाकली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो.

गेल्या महिन्यात घरी फायबर जोडायला एक मुलगा आला. त्याने हिरव्या कनेक्टरची टोपी काढली आणि थेट डब्यात घातला. मीटरवर उणे सव्वीस, म्हणजे प्रकाश फारच क्षीण.

"पुसलंस का रे?"

"काका, टोपी होती की."

"टोपीच्या आतही धूळ असते, बाळा. काढ."

त्याच्या पिशवीत पुसायचं पेन होतं, पाकिटात बंदच. त्याने ते फोडलं, टोकावर दाबलं, टिक् आवाज आला. पुन्हा लावलं. मीटरवर उणे एकवीस.

"आता डब्याकडची बाजू," मी म्हणालो, आणि त्याने पेन पुन्हा हातात घेतलं.