अक्षर आपलं, कुलूप कुणाचं?

अमक्या कंपनीनं तमकी सेवा बंद केली की लोकं बोंब ठोकतात. आमच्या चाकूरच्या डीटीपीवाल्यांना याचं काय नवल!

जुन्या मराठी फॉन्टमधला ‘क’ खरा ‘क’ नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र होतं ते. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. काही सॉफ्टवेअर तर डोंगल खोचल्याशिवाय उघडतच नसे. पत्रिकेची फाईल चाकूरहून लातूरला गेली, की ‘चि.सौ.कां.’च्या जागी इंग्रजी गिचमिड!

१९९१ला युनिकोड आलं, देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींचा ‘मंगल’ घरोघरी गेला, पण मालकी कंपनीच्या पेटाऱ्यात बसून. पुढं रेड हॅटचा ‘लोहित’ आला, मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ आला. हे खुले: कुणीही वापरा, बदला, वाटा. नावातच मुक्ती आहे बघा!

पण गावोगावच्या जुन्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल अजून त्या कुलपातच आहेत. डोंगल हरवलं, दुकान मोडलं, की गावाचा तेवढा इतिहास गेला. म्हणून म्हणतो, जुन्या फायली आजच युनिकोडात करून घ्या. कंपनी कितीबी भली असू द्या, किल्ली आपल्या करगोट्याला पाहिजे.