फटफटीचा क्लच आणि घाटाची वाट

खेड्यातली पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यापुरते क्लच समजावून सांगण्याचे निम्मे काम झालेच म्हणायचे. तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या जुन्या गिरणीत इंजिन एकदा सुरू केले की ते धडधडतच राही. गिऱ्हाईक नाही म्हणून ते बंद करायचे आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा हँडल मारून सुरू करायचे, हे कोण करीत बसणार? म्हणून जात्याच्या दांड्यावर दोन चाके शेजारी शेजारी बसवलेली असत, एक पक्के आणि एक मोकळे. पट्टा मोकळ्या चाकावर असला की इंजिन चालू पण जाते स्वस्थ. गिरणीवाला पट्टा हळूच पक्क्या चाकावर सरकवी. पट्टा आधी जरा घसरे, कुरकुरे, आणि मग जाते फिरू लागे. तो घसरण्याचा जो क्षण आहे ना, त्या क्षणासाठीच फटफटीला क्लच लागतो.

बैलाला क्लच लागत नाही. तो उभ्या जागेवरून मान लावतो आणि गाडा हलतो. पेट्रोलच्या इंजिनाला ती विद्या येत नाही. ते मिनिटाला काही शे फेरे घेत असले तरच जिवंत. त्याखाली गेले की गचका देऊन बंद पडते. इकडे इंजिन फिरते आहे आणि तिकडे चाक उभे आहे, या दोघांची गाठ अलगद घालून द्यायची, एवढेच क्लचचे काम.

पहिल्यावहिल्या मोटारसायकलींना हे मध्यस्थ नव्हतेच. इंजिनावरून चामड्याचा पट्टा थेट मागल्या चाकावर गेलेला असे. गडी गाडीच्या बाजूने धावत सुटायचा, इंजिनाने फटफट सुरू केली की उडी मारून बसायचा. रस्त्यात म्हैस आडवी आली तर गाडी थांबायची आणि इंजिनही थांबायचे. पुन्हा धावा! चढावर धावून गाडी सुरू करणे म्हातारपणी सोडाच, तरुणपणीही सोपे नव्हे. म्हणजे मोटारसायकल ही धट्ट्याकट्ट्या, बिनओझ्याच्या माणसाची चैन होती. इंग्लंडच्या ट्रायंफ कंपनीने १९११ च्या सुमारास मागल्या चाकाच्या तुंब्यात क्लच बसवला, आणि १९१५ साली तिची 'मॉडेल एच' ही गाडी तीन गिअर आणि हँडलवरून चालणारा क्लच घेऊन आली. पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी अशा सुमारे ३०,००० गाड्या गेल्या. निरोप घेऊन चिखलातून जाणाऱ्या शिपायाला थांबता येणे आणि थांबून पुन्हा निघता येणे, हेच हवे होते.

आता आपल्या ठाणे-कल्याणकडे येऊ. क्लचची परीक्षा घ्यावी तर याच मुलुखात. रेल्वे ठाण्याला १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली, आणि पुढे कसाऱ्याचा थळ घाट चढायला तिला १८६५ साल उजाडले. त्या घाटात ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ आहे. मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. त्याच डोंगराशी आग्रा रोडही झुंजतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढून नगरकडे जाणारा रस्ता, घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट, मुंब्र्याचा वळणरस्ता, हे सगळे चढउताराचेच. आणि दुसरी परीक्षा गर्दीची. कल्याण-शिळफाटा रस्त्यावर संध्याकाळी ज्याने दुचाकी चालवली आहे, त्याला विचारा की डाव्या हाताची नस कुठे दुखते. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ साली खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ ते २०२१ बंद होता. त्या काळात किती क्लच-प्लेटा जळाल्या असतील त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण गॅरेजवाल्यांना तो तोंडपाठ असेल.

प्लेट जळते म्हणजे काय होते? क्लचच्या पोटात पातळ चकत्यांची चवड असते. एक चकती इंजिनाच्या बाजूची, तिच्यावर बुचाच्या लाकडाचे किंवा दुसऱ्या कसल्या तरी घट्ट धरणाऱ्या पदार्थाचे अस्तर; तिच्या शेजारी साधी पोलादी चकती चाकाच्या बाजूची; पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची. स्प्रिंगा ही चवड दाबून धरतात. मुठीतला खटका ओढला की दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून मोकळ्या फिरतात. खटका अर्धवट ओढून गाडी चढावर तोलून धरली, म्हणजे ज्याला आपण 'हाफ क्लच' म्हणतो ते केले, की चकत्या एकमेकींवर घासत राहतात, तापतात आणि अस्तर करपते. मग इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही. चढावर थांबायचे तर मागचा ब्रेक दाबून थांबावे, क्लचवर लटकू नये.

क्लच अधिक दमदार करायचा तर वाटा दोन. एक म्हणजे स्प्रिंगा कडक घालायच्या. हा गावठी उपाय पुष्कळ ठिकाणी होतो आणि मला तो मुळीच पसंत नाही. पकड वाढते खरी, पण स्प्रिंग जितकी कडक तितका खटका जड, केबलवर ताण अधिक, आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत दोनशे वेळा खटका ओढणाऱ्याच्या मनगटाची दशा होते. दुसरी वाट चकत्या वाढवण्याची. अस्तराच्या प्रत्येक चकतीला घासणाऱ्या बाजू दोन. तीन चकत्यांच्या सहा, चारांच्या आठ. स्प्रिंगा त्याच ठेवल्या तरी सहाच्या जागी आठ बाजू धरू लागल्या की पकड एक-तृतीयांशाने वाढते, आणि हाताला पत्ताही लागत नाही! मात्र जागा तेवढीच असल्याने चकत्या पातळ कराव्या लागतात आणि खटका ओढल्यावर त्यांच्यामध्ये सुटणारी फट कमी होते. काम नीट झाले नाही तर क्लच पुरता सुटत नाही, सिग्नलला गाडी पुढे ओढत राहते, न्यूट्रल सापडत नाही. पुण्याच्या बजाज स्कूटरच्या क्लचमध्ये बुचाच्या तीन चकत्या असत, लॅम्ब्रेटा एलआयमध्ये चार. एक चकती वाढवून बसवण्याचा खटाटोप या दोन्ही गाड्यांचे शौकीन जगभर करतात.

लॅम्ब्रेटाचे नाव निघाले म्हणून सांगतो. ही इटलीची गाडी आपल्याकडे जोडली गेली ती ठाण्याच्या अगदी वेशीवर, भांडुपला. 'ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही कंपनी १९४९ सालची. १९५० च्या दशकात तिने इन्नोसेंटीच्या लॅम्ब्रेटा जोडायला सुरुवात केली. पुढे लॅम्ब्रेटाचे हक्क लखनौच्या सरकारी कंपनीकडे गेल्यावर भांडुपच्या गाडीचे नाव 'लॅम्बी' झाले. मद्रासला १९५५ पासून एन्फील्ड बुलेट जोडली जाऊ लागली आणि १९६२ पर्यंत तिचे सारे भाग इथेच बनू लागले. बुलेटचा रुबाब मोठा, पण जुन्या बुलेटचा क्लच म्हणजे मनगटाची तालीम. तिच्या बनवणाऱ्यांनाही ते उमगले असावे, कारण गिअरपेटीवर त्यांनी एक वेगळी टाच-कळ दिली होती. ती दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला येई. म्हैसूरच्या 'आयडियल जावा'ने १९६१ पासून जी गाडी काढली तिच्यात आणखी एक गंमत होती. पायाने गिअर दाबताच आतून क्लचही आपोआप सुटे, त्यामुळे चालत्या गाडीत खटका न ओढता गिअर बदलता येई. युक्ती झकास, पण अर्धीच. उभी गाडी अलगद काढायला हात लागायचाच.

ती युक्ती पुरी झाली दुसरीकडे. जपानमध्ये होंडाने १९५८ साली 'सुपर कब' काढली तेव्हा डोळ्यांपुढे होता तो एका हातावर जेवणाचे तबक तोलत गल्लीबोळातून जाणारा पोऱ्या. त्याचा डावा हात क्लचसाठी मोकळा नव्हता. म्हणून क्लच आपला आपण धरील असा केला. आपल्या महाराष्ट्रात हे तत्त्व घरोघर पोहोचवले ते पुण्याच्या फिरोदियांच्या 'कायनेटिक इंजिनिअरिंग'ने, १९७२ साली 'लूना' काढून. गोफण फिरवली की दगड बाहेरच्या बाजूला ओढ घेतो, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. लूनाच्या क्लचमध्ये दगडांच्या जागी छोटे वजनदार तुकडे होते. इंजिन हळू फिरत असताना ते आत मिटून बसत. मूठ पिळली, फेरे वाढले, की बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या डब्याला धरत. गाडी आपोआप निघे. गिअर नाही, क्लचचा खटका नाही, आणि पेट्रोल संपलेच तर सायकलसारखे पायडल आहे.

सुधारणा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अधिक ताकद आणि अधिक वेग येतो. लूनाने ताकद वाढवली नाही. ५० सीसीचे तिचे इंजिन, चढावर तिला पायडलची साथ द्यावी लागे. पण तिने बसणारा बदलला. ज्या मास्तरांना बुलेटची किक मारवत नव्हती, ज्या बाईंना लुगडे सावरत गिअर सांभाळणे अवघड होते, ज्या गवळ्याचे दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते, ते सगळे आता मोटरवर बसले. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी आणि वेगाप्रमाणे आपणच गुणोत्तर बदलणारी. कल्याण-डोंबिवली स्टेशनाबाहेर आज स्कूटरींच्या रांगा लागतात त्यांचे मूळ या दोन गाड्यांत आहे असे मी धरून चालतो. घाटातल्या बहाद्दरांपेक्षा त्या रांगांचे मला अधिक कौतुक आहे.

जपान्यांच्या १०० सीसी गाड्या १९८५ च्या आगेमागे आल्या आणि हातक्लचही हलका झाला. अलीकडची मोठी सुधारणा म्हणजे 'स्लिपर क्लच'. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या डोमिनारला तो २०१६ पासून आहे. माळशेज उतरताना पावसात तिसऱ्याचा दुसरा गिअर घाईने टाकला, तर इंजिन चाकाला एकदम मागे खेचते. चाक क्षणभर अडते, सरकते, आणि पोटात गोळा येतो. स्लिपर क्लचमध्ये चकत्यांच्या आधाराला तिरपे उतार कोरलेले असतात. चाकाकडून उलटा झटका आला की ते उतार चवड जराशी सैल करतात. झटका तेवढा निघून जातो, इंजिनाचा आवर मात्र पुरता सुटत नाही. इंजिन ओढत असताना अशाच दुसऱ्या उतारांनी चवड आणखी घट्ट दाबली जाते, म्हणून स्प्रिंगा नरम ठेवता येतात आणि खटका दोन बोटांनी ओढता येतो. कडक स्प्रिंगेचा उपाय आणि हा उपाय शेजारी ठेवून पाहा.

जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. खटक्याला थोडी मोकळी चाल आहे ना? केबल ताणलेली असेल तर क्लच कायम अर्धवट सुटलेला राहतो आणि नव्या प्लेटाही जळतात. आणि वंगण कोणते? बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये घालतात, त्याने चकत्या घसरतात. म्हणून १९९८ पासून जपानी 'जासो' मानकात मोटारसायकलीच्या तेलाला वेगळी खूण आहे. डब्यावर 'एमए' किंवा 'एमए-२' पाहून घ्यावे. 'एमबी' हे स्वयंचलित स्कूटरींचे.

एक गोष्ट गॅरेजात काम करणाऱ्या पोरांसाठी. कोरड्या क्लचची अस्तरे आणि ब्रेकच्या पट्ट्या पुष्कळ वर्षे ॲस्बेस्टॉसच्या असत. तो धूर्त पदार्थ आहे. उष्णता सोसतो, स्वस्त पडतो, आणि त्याची धूळ छातीत बसली की त्रास वीस-तीस वर्षांनी वर येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात मालकांना हुकूम केला की कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांत जे उशिरा असेल तोवर जपावी. दुखणे किती उशिरा उगवते याचा अंदाज त्या आकड्यांवरूनच यावा. चांगल्या कंपन्यांची अस्तरे आता ॲस्बेस्टॉसविरहित असतात आणि खोक्यावर तसे छापलेले असते. पण जुनी गाडी उघडताना आत काय निघेल सांगता येत नाही. तेव्हा ड्रमातली किंवा कोरड्या क्लचची काळी धूळ फुंकून उडवू नका, हवेच्या नळीने तर मुळीच नको. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

२०२४ साली लूना पुन्हा बाजारात आली, या वेळी विजेवरची. तिला क्लच नाही, वजनदार तुकड्यांचाही नाही. विजेची मोटर बैलाच्या जातीची. शून्य फेऱ्यांपासून ओढ देते, त्यामुळे मध्ये घसरायला कोणी लागत नाही.