तिरुनीलक्कुडीचे पद आणि अनेकान्तवाद

कुंभकोणमजवळील तिरुनीलक्कुडीच्या शिवावर सातव्या शतकातील संत अप्परांनी तमिळ पद रचले. दगडाला बांधून समुद्रात लोटले असता शिवनामाने आपण तरलो, असे ते त्यात सांगतात. हा छळ जैनांनी केला, अशी शैव परंपरा आहे. येथे आम्हां मराठी जनांस इंद्रायणीत तरलेली तुकोबांची गाथा आठवावी, हे साहजिकच. परंतु दगड तरल्याने जैनांचा अनेकान्तवाद खोटा ठरला, हे आम्हांस मान्य नाही. सत्याला अनेक बाजू असतात, हे मत युक्तिवादानेच खोडावे लागेल. छळ झालाच असेल, तर तो त्या मताशी विसंगतच होय. शिवाय अप्परही पूर्वी जैन मुनी होते. त्यांचे मतांतर पोटशूळ शिवकृपेने शमल्यामुळे झाले. वादात हरून नव्हे. आपल्या रामेश्वरभट्टांचा अंगदाहही तुकोबांच्या अभंगानेच शमला म्हणतात.