रुंद चाक, जड गाडी

साल 1952. तुम्ही कराडजवळच्या एका खेड्यात, लोहाराच्या भात्याशेजारी उभे आहात. तीनच वर्षांपूर्वी जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झालेत. सांगली अजून दक्षिण साताऱ्यात मोडते. समोर बाभळीचं नवं चाक आडवं टाकलंय. पलीकडे शेणकुटांच्या जाळात लोखंडी धाव लाल होतेय. "पावनं, मागं सरा!" लोहार ओरडतो. सांडशीनं धरलेली धाव चाकावर येते, लाकूड धुमसतं, घण पडतात, लगेच वर पाण्याच्या घागरी. लोखंड आकसतं आणि तुंबा, आरे, पाट्या यांचा प्रत्येक सांधा आवळून घेतं.

धाव निवल्यावर हात ठेवून बघा. जेमतेम तीन बोटं रुंद. सगळ्या गाडीचा भार या अरुंद पट्टीवर. कृष्णाकाठच्या ओल्या काळ्या रानात ती खोल रुतते, डांबरी रस्ता उकरते. अशा गाडीत टनाच्या आतबाहेर माल भरला की गाडीवान हात आखडता घेतो. बैलाला किती झेपेल हे चाकच सांगतं.

आता 1975 मध्ये या. थंडीची पहाट. सांगलीत वसंतदादा पाटलांनी उभ्या केलेल्या शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर तुम्ही रांगेत आहात. मळीचा आंबूस वास नाकात बसलाय. अंगावर चादर ओढून बीडकडची ऊसतोड जोडपी उसाच्या मोळ्यांना टेकलीत, बैल वाढं चघळतायत. गाड्यांची चाकं मात्र बदललीत. लोखंडी आस, त्यावर बेअरिंग आणि हवा भरलेले जाड टायर. डनलॉप म्हणतात या गाडीला. रुंद टायर भार पसरवतो, म्हणून चाक कमी रुततं. बेअरिंगमुळे घर्षण घटतं, म्हणून ओढ हलकी होते. तीच बैलजोडी आता दोन-अडीच टन ऊस ओढते.

काट्यावरून गाडी पुढं सरकली की बैलाच्या मानेकडं बघा. खांदा सुजलाय, कातडं सोललंय. टायरनं रस्त्यावरची ओढ कमी केली, पण दुचाकी गाडीत आसापुढं भरलेल्या मालाचा दाब जुवावर येतो, तो कायम राहिला. ऊस वाढला तसा तोही वाढला. उतारावर ब्रेक नसलेली गाडी अंगावर येते, तेव्हा तिला मानेनंच थोपवावं लागतं. 1965 चे केंद्राचे नियम तेव्हाही लागू आहेत: जनावराचा आकार, टायर आणि बेअरिंग पाहून ओझ्याची मर्यादा, आणि दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही. पण मजुराला पैसे मिळतात टनावर. मुकादमाची उचल फिटायची तर खेपेला चार मोळ्या जास्त भराव्याच लागतात. चाक सुधारलं त्याचा फायदा वजनकाट्याला झाला, बैलाच्या वाट्याला तो आलाच नाही.

शेवटचा मुक्काम 2022, वाळवा तालुक्यातलं राजारामनगर. राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीला तिसरं चाक जोडलंय, नाव ठेवलंय 'सारथी'. दोन बैलांच्या मधोमध, जुवाखाली ते जमिनीवर फिरतं आणि मानेवर येणारा भार स्वतःवर घेतं. वाकून बघा: एक दांडा, एक लहान चाक. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात घडवता यावं इतकं साधं. त्याचे फोटो देशभर फिरले, कौतुक झालं.

कौतुकानं खांदा भरून येत नाही. सातारा-सांगलीत गळीत हंगामात आजही टायरगाड्या धावतात आणि त्यातल्या कितीतरी कारखान्यांनीच भाड्यानं दिलेल्या असतात. ज्याची गाडी त्यानंच तिला आधाराचं चाक आणि उतारासाठी ब्रेक बसवून द्यावा. मात्र हे करताना ओझ्याची मर्यादाही काट्यावरच पाळली गेली पाहिजे, नाहीतर तिसरं चाक लागलं म्हणून आणखी अर्धा टन चढेल, पहिल्या दोन चाकांच्या वेळी चढला तसाच. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडा.