वंशवृक्षाची नोंद : महाभारताच्या पोथ्या आणि संगणकीय जीवशास्त्र

वंशवृक्ष रचण्यापूर्वी पुरावा एका ठरावीक नमुन्यात मांडावा लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी प्रत्येक श्लोक उभ्याआडव्या रेघांच्या कागदावर लिहिला जाई. प्रत्येक पोथीला स्वतंत्र ओळ असे व मूळ अक्षराखाली तिचा पाठभेद नोंदवला जाई. डीएनएच्या तुलनेतही प्रत्येक जीवाला एक ओळ व समान स्थानाला एक स्तंभ देतात.

१९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी पोथ्यांचा वंशवृक्ष मांडला. मात्र पाठांची सरमिसळ झाल्याने तो काटेकोर ठरत नाही, याची जाणीवही दिली. १९८६ मध्ये जोसेफ फेल्सेन्स्टाइन आदी अभ्यासकांनी अमेरिकेत निश्चित केलेल्या 'न्यूइक' पद्धतीत वृक्ष कंसांत लिहितात. '((अ,आ),इ);' म्हणजे अ व आ निकटचे, इ दूरचा. या नोंदीत प्रत्येक शाखेला एकच पूर्वज मिळतो. सरमिसळ तीत मावत नाही.

म्हणूनच वृक्षासोबत पुरावाही जपणे अगत्याचे ठरते. चिकित्सक आवृत्तीने पाठभेद तळटीपांत छापले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नेक्सस' नमुन्याने तक्ता व वृक्ष एकाच फाइलमध्ये ठेवण्याची सोय केली. वृक्ष हा निष्कर्ष होय. तो तपासण्याचा पुढील अभ्यासकाचा अधिकार तक्त्यामुळेच अबाधित राहतो.