कुळासाठीं केलेलें दान

आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचें नांव दहाव्या शतकांत अल् मसूदी या अरब ग्रंथकारानें नोंदिलें. त्याच्याच भाषेंतील 'वक्फ' म्हणजे थांबविणें. मालमत्ता थांबते, उत्पन्न धर्मकार्याकडे वाहतें. पण तें आधीं दात्याच्या वंशजांस मिळावें काय? १८९४ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें असा एक वक्फ अवैध ठरविला. कारण गरिबांची पाळी वंश खुंटल्यावरच यावयाची होती. मुंबईचे बॅरिस्टर महंमदअली जिना यांच्या खटपटीनें १९१३ सालीं कायद्यानें तो मार्ग खुला केला. इजिप्तनें मात्र १९५२ सालीं कौटुंबिक वक्फ बंद केले. भारतांत २०२५ च्या कायद्यानें, अशा वक्फानें स्त्री-वारसांचा हक्क बुडूं नये, अशी अट घातली. दानाचें पुण्य लेकीच्या वांट्यांतून काढूं नये, हाच तिचा आशय.